दोनशे चाळीसावा दिवस

भरतेश, बस. पंखा खडखडतो जरा,
खालच्या टायरवाल्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला
की टेबलही थरथरतं. कुपवाडात ऑफिस म्हणजे हे आलंच.

नोटिशीच्या उत्तराचा मसुदा राहू दे खिशात.
'सदर महिलेची सेवा सलग नव्हती'
हे वाक्य तुझं नाही.
माझं आहे. जुन्या फायलीतून उचललंस,
त्यातल्या 'सदर'वरून ओळखलं मी.

तुझे आप्पा याच खुर्चीत बसले होते.
पॉलिशच्या ड्रमावर तेव्हा आठ बायका,
आणि मी नवा, पाटी नवी,
मालकाला हवं तेच कायद्यात सापडवण्यात हुशार.
म्हटलं, आप्पा, कायदा दोनशे चाळीस दिवस मोजतो.
एकोणचाळिसाव्याला बाईला सांगायचं,
उद्यापासनं थोडं थांब.
दोनशे चाळीसावा दिवस
उगवूच द्यायचा नाही.

आप्पा हसले. पाचशेची नोट
आणि राजापुरी हळदीची किलोभर पुडी
ठेवून गेले. पुडी वर्षभर पुरली.

पण ड्रम थांबत नसतो.
म्हणून दरवर्षी बाळाबाई ऐवळे कागदावर थांबायची
आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला
शालन ऐवळे कामाला लागायची.
तोच ड्रम. तोच पितळी डबा.
तोंडाला तोच फडका.
शालन म्हणजे तिची नणंद, कवलापूरला दिलेली,
तुमच्या गिरणीत पाऊलही न टाकलेली.

हे भिंग घे.
दोन हजार आठचं पगारपत्रक, पान तिसरं.
बाळाबाईचा अंगठा बघ.
मधोमध तिरकी रेघ आहे ना?
ड्रमाच्या पत्र्यानं कापलं होतं, टाके चार.
आता शालनचा बघ.

हं.

मी तेव्हाच पाहिलं होतं.
पाहून रिटर्न भरला, शिक्का मारला,
हात धुऊन जेवायला गेलो.

पुढं तर आणखी गंमत.
सन अकरापासून बाळाबाई सही करायला शिकली,
'ळ' केवढा मोठा, शेजारच्या रकान्यात कलंडलेला.
शालन मात्र शेवटपर्यंत अंगठेबहाद्दर.
एकच हात, आठ महिने साक्षर,
चार महिने निरक्षर.

तर लिही.
शेवटचा पगार नऊ हजार शंभर.
भागिले सव्वीस. गुणिले पंधरा.
गुणिले एकोणीस वर्षं.
नव्व्याण्णव हजार सातशे पन्नास.
लाखाला अडीचशे कमी.
तीस दिवसांत, चेकनं. उशीर केलास तर व्याज धावतं,
आणि ते तुझ्या ट्रॅक्सपेक्षा जोरात धावतं.
उरलेल्या सात जणींना नेमणूकपत्रं दे,
एका बाईला एकच नाव.
फंडाचं काय, ते उद्या बघू,
ते आजच्या आज ऐकवत नाही तुला.

मी साक्षीला उभा राहिलो तर काय सांगेन, विचारतोयस?
खरं सांगेन.
सत्तरीत दुसरं काही पाठ राहत नाही.

फी नको. आप्पांनी दिली होती.

आणि जाताना मागच्या जिन्यानं जा.
पुढं टायरांच्या ढिगाशेजारी ती बसली आहे,
सकाळपासून, डबा मांडीवर घेऊन.
मघाशी मी पानाच्या टपरीवर गेलो तेव्हा उठून उभी राहिली.
नखांच्या कडा अजून पिवळ्या.
म्हणाली, सायेब, माझं मिळंल म्हंता,
मग शालनचं बी काय बसतंय का त्यात?
तिनं बी लई वर्सं काम केलंय.

ती हसत होती की नाही
हे मला चष्म्यातून नीट दिसलं नाही.